स्क्रीनचा बस्ता

घरचा कॉम्प्युटर मी जोडला, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग सुनीलकडे. सुनील माझा नवरा. सातपूरला कारखान्यात मशीनवर असतो, त्यामुळे जोडला असेल तर त्यानंच, असा लोकांचा कयास. तो बिचारा लगेच हात वर करतो. त्या सगळ्या कामात त्याच्याकडे बॅटरी धरायचं खातं होतं, आणि मी ‘इकडे’ म्हटलं की उजेड तिकडे पडायचा.

मी शिकले ती मोबाईलवर व्हिडिओ बघून. एकेक भाग आणत गेले, डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून जोडत गेले. प्रोसेसरच्या डोक्यावर एक राखाडी पेस्ट लावायची असते. ती किती लावायची यावरून त्या व्हिडिओवाल्यांचीच आपसात भांडणं. कुणी म्हणतं तांदळाच्या दाण्याएवढी, कुणी म्हणतं हरभऱ्याएवढी. मी अर्ध्या कॉलनीच्या हातांवर मेंदी काढलेली बाई, कोन कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा हे मला कुणी सांगायला नको. पहिल्यांदा बटण दाबलं आणि आतला पंखा फिरला, तेव्हा मी आणि सुनील टेबलाभोवती नाचलो. फिरला होता नुसता पंखा. पण फिरला होता.

फक्त त्याला तोंड नव्हतं. म्हणजे स्क्रीन. दुकानदार तिला मॉनिटर म्हणतात, पण शाळेत मॉनिटर नावाच्या प्राण्यानं मला इतकं छळलंय की मी स्क्रीनच म्हणते. सगळा जीव त्या डब्यात ओतून झाल्यावर स्क्रीन मागाहून बघू म्हटलं आणि तोवर हॉलमधला टीव्ही जोडून टाकला. तिथंच माझं काम नासलं.

काम असं की, येवल्याची सविता म्हणून एक मुलगी ऑनलाइन पैठण्या विकते. तिच्या साड्या माझ्याकडे येतात, मी फोटो काढते, कॉम्प्युटरवर रंग नीट करते आणि फोटो तिला पाठवते. लोक तो फोटो बघून साडी मागवतात. दहावीनंतर शिवणकाम, मेंदी, पाळणाघर असं सगळं करून पाहिलेल्या मला पहिल्यांदाच असं काम मिळालं होतं, की ज्याच्यासाठी सकाळी उठायला गजर लागत नव्हता. पण आमचा टीव्ही भलताच उत्साही. त्याच्यावर साधी मोतिया साडीसुद्धा वरातीला निघाल्यासारखी दिसते. मी आपली त्याच्याकडे बघून रंग उतरवत गेले, फिरवत गेले, आणि मनात म्हणत गेले, काय सुंदर जमतंय.

त्यात ती कोनफळी पैठणी आली. कोनफळाचा कंद कापल्यावर आत जो रंग दिसतो, तो. जांभळ्याच्या घरचा, पण जांभळा नाही. वांगी रंगाला लागून, पण वांगी नाही. टीव्हीवर ती शाईसारखी निळी दिसली, म्हणून मी तिच्यात लाल ओतत गेले. शेवटी फोटो गेला तो जवळजवळ डाळिंबी होऊन. ज्या बाईंनी मागवली त्यांनी खोका उघडला, फोटो बघितला, साडी बघितली आणि साडी परत पाठवली. मी फोटो सुधारून दिला, आता तो दुसऱ्या बाजूला कलंडला. दुसऱ्या बाईंनीही परत पाठवली.

पैठणी परत येते तेव्हा नुसती साडी परत येत नाही. विणकराकडून येताना जी घडी असते ती एकदा मोडली की तशी पुन्हा बसत नाही, आणि पुढच्या बाईच्या बोटांना ते लगेच कळतं. ही घडी कशीबशी टिकली होती, कारण दोघींनीही वरूनच बघून नाक मुरडलं होतं. सविताचा फोन आला. ती आरडाओरडा करणारी नाही, त्यामुळे जास्तच लागतं.

“ताई, सांगलीच्या एक बाई विचारताहेत, मुलीच्या साखरपुड्याला हवीय. उद्यापर्यंत फोटो द्या. पण ही आता तिसऱ्यांदा परत आली ना, तर फोटोचं काम मला पुण्याच्या स्टुडिओला द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

भाजी फोडणीला पडेपर्यंत मी वाईट वाटून घेतलं. मग सुनीलला म्हटलं, उद्या सकाळी स्क्रीन आणायची. खरा रंग दाखवणारी. पैसे बाजूला काढलेलेच होते, नड होती ती डोळ्यांची. चुकीच्या टीव्हीकडे बघून बघून माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. हे मी सुनीलला बोलून दाखवलं, ही चूक झाली. त्यानं लगेच दिंडोरीला फोन लावला.

दिंडोरीला माझी थोरली नणंद असते, मैनावन्सं. त्यांची द्राक्षाची बाग आहे, पण आमच्या नातेवाइकांत त्यांची ख्याती वेगळीच आहे. त्यांच्याशिवाय आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधला जात नाही. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेलपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. नाशिकच्या मेन रोडवरच्या कापडवाल्यांनी त्यांना पायऱ्या चढताना पाहिलं की ते आधीच चांगल्या गठ्ठ्यांना हात घालतात. रंगाच्या बाबतीत वन्संनी एकदा मान हलवली की तो विषय संपला. अशी बाई स्क्रीन निवडायला आली तर बरं, असं सुनीलला वाटलं. छाटणी उरकली होती, वन्संना निमित्तच हवं होतं. सकाळी पहिल्या गाडीनं त्या दारात हजर.

मी त्यांना समजावू पाहिलं की ही कॉम्प्युटरची वस्तू आहे. त्यांनी चहा बशीत ओतत विचारलं, “रंगच बघायचाय ना? मग साडी काय आन् स्क्रीन काय. चल. आन् ती साडी पन घे बरोबर. ब्लाऊजपीस घ्यायला साडी घरी ठिवून जातं का कोनी?”

मला हे पटलं. आता मागं वळून बघताना वाटतं की इतकं पटायला नको होतं, पण तेव्हा रिक्षात मी अगदी हुशारीनं कोनफळी पैठणी मांडीवर घेऊन बसले होते. आदल्या सकाळी गच्चीतल्या सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला तिचा नवा फोटोही पेनड्राइव्हमध्ये घेतला होता. त्या फोटोला मी अजून बोट लावलं नव्हतं. वाटेत मी वन्संना एकच गोष्ट बजावली. काहीही झालं तरी घडी मोडायची नाही. त्या म्हणाल्या, त्यांनी बस्त्यात शेकडो घड्या हाताळल्यात, एकही स्वतःहून मोडलेली नाही, दुकानदारानं मोडली असेल तर त्याचं त्यानं बघावं.

एम. जी. रोडवर रविराजचं दुकान आहे. माझ्या कॉम्प्युटरचे रॅम आणि वरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, त्याच्याकडूनच घेतलेले, त्यामुळे तो मला ओळखतो आणि थोडा घाबरतोही, कारण मी प्रश्न फार विचारते. वन्संना तो ओळखत नव्हता. त्यांनी दाराशी चपला काढल्या. काढू नका म्हणाला तरी काढल्या. आत येऊन चारी बाजूंना बघितलं आणि मला हळूच विचारलं, गादी कुठाय. बस्त्याला बसायचं म्हणजे पांढऱ्या गादीवर, लोडाला टेकून. इथे फिरती खुर्ची होती. वन्सं तिच्यावर बसल्या, खुर्ची फिरली, त्या तोंड भिंतीकडे करून थांबल्या आणि तशाच, भिंतीला उद्देशून म्हणाल्या, “दाखवा.”

रविराजनं खुर्ची वळवून दिली. मग त्यानं तीन स्क्रीन काढल्या. पहिली होती गेम खेळणाऱ्या पोरांची, आतल्या बाजूला वाकलेली. वन्सं म्हणाल्या, हे घमेलं कशाला. दुसरी मोठी, काचेसारखी लखलखीत, तिच्यावर रंगीत मासे फिरत होते, आणि ते इतके ताजे वाटत होते की मलाच घ्यावीशी वाटली. तिसरी मातकट पृष्ठभागाची, चमक नसलेली, फोटोचं काम करणारे लोक घेतात म्हणे. वन्संनी तिच्याकडे बघितलं न बघितलं केलं. “ही तर धुतल्यासारखी दिसतीय. मागची दाखवा.” मागची म्हणजे फळीवरची. बस्त्यात नियमच असतो, समोर ठेवलेलं घ्यायचं नाही, मागचं काढायला लावायचं. रविराजनं सांगितलं की मागे ह्याच आहेत, खोक्यात. वन्संना ते पटलं नाही पण त्यांनी सोडून दिलं.

मग त्यांनी तपासणी सुरू केली. रंग जातो का, हा पहिला प्रश्न. मी लाजून कॅबिनेटांच्या मागे जाणार होते, तेवढ्यात रविराज गंभीरपणे म्हणाला, जातो मावशी, वर्षं उलटली की थोडा जातो. वन्संनी माझ्याकडे विजयानं बघितलं. काठ किती रुंद, हा दुसरा. काठ बारीक असलेली चांगली समजतात असं कळल्यावर त्यांचा या सगळ्या धंद्याबद्दल पहिल्यांदा अपेक्षाभंग झाला. बरोबर काय देता, हा तिसरा. त्यानं वायर मिळेल म्हणून सांगितलं. फॉल-पिको करून देतात तसं घरी येऊन लावून देता का, असं त्यांनी विचारल्यावर तो म्हणाला, ह्या ताई स्वतःच लावतात. तेव्हा वन्सं माझ्याकडे वळल्या आणि खुर्चीसकट थोड्या जास्तच वळल्या. पण चेहऱ्यावर कौतुक होतं, ते मला जाता जाता दिसलं.

पेनड्राइव्ह लावला. तिन्ही स्क्रीनवर एकच फोटो. वाकड्या स्क्रीनवर निळा. लखलखीतवर लालसर आणि नटलेला. मातकटवर शांत, काहीसा दबलेला. तीन सख्ख्या बहिणी तीन घरी दिल्यासारख्या. मी पिशवीतून साडी काढून शेजारी धरली. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली साडी स्वतःच काळपट दिसत होती. कुठल्याच स्क्रीनशी जुळेना.

वन्सं मात्र खूश झाल्या. इथे त्यांचं राज्य होतं. “ट्यूबखाली कोन रंग बघतं? उजेडात चला.”

बस्ता बांधायला गेलेली प्रत्येक बाई हे करते. साडी आवडली की ती उचलायची आणि दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात बघायची. मीही जन्मभर तेच केलंय. त्यामुळे स्क्रीन उन्हात नेण्यात काही चुकतंय हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. रविराजच्या आलं होतं. तो काहीतरी बोलायला लागला, पण वन्सं तोपर्यंत चपला घालून बाहेर उभ्या होत्या. बाहेर चपला घालून उभ्या असलेल्या बाईला आत बोलवायला वेगळी ताकद लागते. त्यानं निमूट एक्स्टेंशन बोर्ड ओढला, स्टूल काढलं आणि लखलखीत स्क्रीन फुटपाथवर भर उन्हात आणून ठेवली.

स्क्रीन काळी झाली. मासे मेले, साडी गेली. राहिलो आम्ही तिघं, अगदी स्वच्छ. वन्सं, मी आणि मागे हाताची घडी घातलेला रविराज. वन्सं वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावरची टिकली सरळ केली.

“हिच्यात तर आपनच दिसतो,” त्या म्हणाल्या.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. रविराजही हसला, आधी नाकातून आणि मग उघड. आम्हाला बघून शेजारचा मोजेवाला लहानू गाडी सोडून आला, आणि बँकेत निघालेले एक काका कागद काखेत मारून थांबले. स्कूटरवरून एक बाई चालली होती, तिनं साडी बघितली आणि स्कूटर थेट फुटपाथला लावली. “कोनफळी ना ही? कितीला?”

विकलेली आहे म्हटलं, तर ती म्हणाली बघायला काय जातंय. आणि तिनं हात पुढे केला. वन्संनी पैठणी छातीशी धरली आणि दोन पावलं मागे सरल्या. हात लावायचा नाही, घडी मोडायची नाही, बघायचं असेल तर डोळ्यांनी बघा. ही ताकीद त्यांनी लहानूलाही दिली. तो चहाचा ग्लास घेऊन उभा होता आणि बोलताना हातवारे करत होता.

पण कोनफळी हा शब्द मी न सांगता दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला होता. उन्हात साडी अगदी तिच्या रंगाची दिसत होती. म्हणजे साडीला ऊन हवं आणि स्क्रीनला सावली. असं असेल तर भांडणच मिटलं. मी रविराजला म्हटलं, स्क्रीन उंबऱ्याच्या आत ठेवायची, सावलीत. साडी उंबऱ्याच्या बाहेर, उजेडात. आणि बघणारा मधल्या पायरीवर. रविराजनं एकदा आकाशाकडे बघितलं, पण नंतर तोच जास्त उत्साहानं टेबल सरकवायला लागला. तिन्ही स्क्रीन ओळीनं दाराच्या आत लागल्या, वन्सं बाहेर देवीसमोर ओटी धरावी तशी साडी दोन्ही हातांवर धरून उभ्या राहिल्या, आणि पायरीवर मी.

मी बघितलं. आणि मला ठरवता येईना. मधलीकडे बघितलं की मधली खरी वाटायची, तिसरीकडे बघितलं की तिसरी. पुढचं सगळं काम या एका नजरेवर होतं आणि नजर हलत होती. म्हणून मी म्हटलं, काका, तुम्ही या.

काकांनी चष्मा पुसला. साडी म्हणाले जांभळी. वाकडी स्क्रीन म्हणाले निळी. मधली लाल. लहानूनंही साडीला जांभळीच म्हटलं, आणि मधल्या स्क्रीनला म्हणाला, ही नवरीची. स्कूटरवाली बाई पुढे आली आणि तिनं काकांना सुनावलं की ही जांभळी नाहीच, पुरुषांना चार रंग येतात आणि त्यातला एक खाकी असतो. काका म्हणाले, त्यांच्या बायकोकडे असलीच साडी आहे आणि घरात सगळे तिला जांभळीच म्हणतात. बाई म्हणाली, बायको सोडून सगळे म्हणत असतील. काका विचारात पडले.

तेवढ्यात वन्सं ठसक्यात म्हणाल्या, “काय जांभळी आन् कोनफळी लावलंय. आमसुली हाय ही. सरळ सरळ आमसुली.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आमसूल म्हणजे लालसर तपकिरी, काळपट. ही साडी कुठूनही आमसुली नव्हती. स्कूटरवाली हसली आणि म्हणाली, मावशी, आमसुली कुठली, उन्हात धरलीय तरी. लहानू पण हसला. वन्संनी पुन्हा एकदा हातातल्या साडीकडे बघितलं. मग मान थोडी तिरपी करून बघितलं. आमच्या घरच्या एवढ्या बस्त्यांत मी त्यांना कधी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या गप्प झाल्या तशी माझी मजा एकदम थांबली. त्यांच्या हातातली साडी मात्र हलली नाही.

आणि तिथेच मला सुचलं. वन्संना मधे उभं ठेवून कुणी हसू नये, एवढंच खरं तर मनात होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच शहाणपणाचं.

“साडीचं नाव काय, ते राहू द्या. ज्याला जे दिसतं ते त्यानं म्हणावं. साडीला जे म्हणाल तेच स्क्रीनला म्हणता का, एवढंच मला सांगा.”

रविराजनं माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं, आणि मग वाकडी आणि लखलखीत, दोन्ही स्क्रीन बाजूला फिरवल्या. त्यांचा निकाल लागलाच होता, त्यांच्यापुढे कुणीच आपल्या शब्दावर टिकलं नव्हतं. राहिली तिसरी, धुतल्यासारखी.

काकांनी साडी बघितली, स्क्रीन बघितली. जांभळी, जांभळी. लहानूनं ग्लास खाली ठेवला, जणू शपथ घ्यायचीय. जांभळी, आणि जांभळीच. स्कूटरवालीनं जास्त वेळ घेतला, पुढे गेली, मागे आली, एक डोळा मिटून बघितलं, आणि काहीशा नाइलाजानं म्हणाली, कोनफळी, दोन्ही. रस्त्यानं चाललेल्या आणखी दोघा-तिघांना लहानूनंच हाका मारून आणलं. गाडीवरच्या मोज्यांकडे कुणी बघेना त्याचंही त्याला काही वाटेना. एकानं साडीला बैंगनी म्हटलं आणि स्क्रीनलाही. एका कॉलेजच्या मुलीनं इंग्रजीतलं काहीतरी म्हटलं, तेही दोन्हींना तेच. दर वेळी शब्द जुळला की लहानू टाळी वाजवायचा, मग काकाही वाजवायला लागले. बँकेचं त्यांच्या बहुधा लक्षात नव्हतं.

आता वन्सं राहिल्या होत्या. मी त्यांच्या हातातली साडी घेतली, त्यांना पायरीवर उभं केलं आणि मी बाहेर त्यांच्या जागी साडी धरून उभी राहिले. त्यांनी साडीकडे बघितलं. स्क्रीनकडे बघितलं. परत साडीकडे. एरवी बस्त्यात त्या एका नजरेत मान हलवतात किंवा हलवत नाहीत. आज त्यांनी इतका वेळ घेतला की काकांची टाळी हवेतच राहिली.

“आमसुली,” त्या म्हणाल्या. “हितं पन आन् तितं पन. आमसुली म्हनजे आमसुली. तुमी काय म्हनायचं ते म्हना.”

“बांधा,” मी रविराजला म्हटलं.

टाळ्या झाल्या. रविराजनं स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. स्कूटरवालीनं सविताचा नंबर घेतला आणि जाता जाता काकांना सांगितलं की घरी जाऊन बायकोला साडीचा खरा रंग विचारा. मी घडी तपासली. जशीच्या तशी होती.

रिक्षात स्क्रीनचा खोका आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा. सिग्नलला थांबलो तेव्हा खोक्याच्या पलीकडून वन्संचा आवाज आला.

“डाव्यानं बघितलं का आमसुली दिसती. उजवा डोळा लावला का तुमचं ते कोनफळी. मला ठाऊक हाय. तीच साडी हाय ना गं, दोन रंगांची कशी आसंल.”

मी विचारलं, दाखवलंय का कुणाला. दिंडोरीच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. मोतीबिंदू. अजून पिकायचाय, असं वन्संनी स्वतःच ठरवलं होतं. “बागंतला घड पन टायमालाच काढतो ना,” त्या म्हणाल्या. खरं कारण त्यांनी सिग्नल सुटल्यावर, रिक्षाच्या आवाजात सांगितलं. डोळ्याचं कळलं की लोक बस्त्याला बोलवायचं बंद करतील.

मी म्हटलं, आज बाजारातल्या एवढ्या लोकांत साडीला आणि स्क्रीनला एकच नाव सगळ्यांत ठामपणे देणाऱ्या तुम्ही होता, आणि ते नाव चुकीचं असून तुम्ही सोडलं नाही, म्हणून तर मला खात्री पटली. हे मी सांत्वन म्हणून बोलले नव्हते. जिचा डोळा साडीशी खोटं बोलतो, तिच्याशी ही स्क्रीनही तेच आणि तेवढंच खोटं बोलत होती. याच्यापेक्षा खरी स्क्रीन मला कुठे मिळणार होती. वन्संनी यावर थोडा विचार केला. मग म्हणाल्या, ऑपरेशन करून घेते, पण सुनीलला आत्ताच सांगू नको, तो लगेच सुट्टी टाकून गाडी करून येईल आणि गाडीत भजनं लावील. सांगायचं ते आम्ही दोघींनी तारीख घेऊन झाल्यावर, असं ठरलं. तारीखही वन्संनीच खोक्यावर बोट आपटत ठरवली.

घरी आल्यावर मी स्क्रीन लावली. आधी काहीच दिसेना. वन्सं म्हणाल्या, परत करू. मग कळलं की वायर मी चुकीच्या भोकात खुपसली होती. बरोबर जागी लावली आणि फोटो उघडला. आतापर्यंत टीव्हीकडे बघून मी ज्या ज्या गोष्टी ‘सुधारायचे’ त्यातली एकही केली नाही. थोडा उजेड वाढवला, कडा कापल्या, बस. बोटं शिवशिवत होती, त्यांना मांडीखाली दाबून बसले. फोटो सविताला गेला. सवितानं सांगलीला पाठवला. साडी गेली.

मग वाट बघणं सुरू झालं. दारात कुरिअरवाला दिसला की मी आधी त्याच्या हातातला खोका बघायचे. एकदा तो शेजाऱ्यांचं काहीतरी घेऊन आला होता आणि मी त्याला उगाचच रागावले. सुनील कामावरून येताना आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग चप्पल काढायचा. वन्संचा रोज फोन यायचा. एकच प्रश्न, आली का परत. नाही म्हटलं की ठेवून द्यायच्या.

सविताचा मेसेज आला तेव्हा मी कणीक मळत होते. कोपरानंच उघडला. सांगलीचा साखरपुडा झाला होता. बाईंनी साडी नुसती ठेवून घेतली नव्हती, नेसल्या होत्या. मुलीसाठी घेतलेली, पण खोका उघडला आणि आवडली म्हणून स्वतःच नेसल्या आणि मुलीला दुसरी दिली. त्यांनी आभाराचा फोटोही पाठवला होता. खाली सवितानं लिहिलं होतं, ‘ताई, पुढचा गठ्ठा उद्या टाकते. सगळे अवघड रंग आहेत.’

मी हात धुतले, कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि बाईंचा फोटो मोठा करून बघितला. हॉलमधल्या दिव्यांखाली कुणीतरी मोबाईलवर काढलेला, मागे फुग्यांची कमान. बाई तोंडभर हसत होत्या. आणि अंगावरची साडी संपूर्ण निळी होती. शाईसारखी निळी, एक धागा कोनफळी नाही. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी ती उजेडात बघितली होती.

मला मात्र राहवेना. पीठ झाकून ठेवलं आणि बसले. कमान तशीच राहू दिली, बाईंच्या चेहऱ्याला हात लावला नाही. साडी तेवढी हळूहळू, बोटं आवरत, तिच्या रंगावर आणली आणि सविताला पाठवून दिली, बाईंना द्या म्हणून. मग वन्संना फोन लावला. त्यांनी उचलल्या उचलल्या नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाही आली. आता येणार नाही.

पलीकडे वन्सं लगेच कुणाला तरी ओरडून सांगत होत्या, आगं, आमची स्क्रीन पास झाली.